नाक वर, दिवे आभाळात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवारच्या पुरवणीत जीपचं नाक, म्हणजे पुढची बाजू, उंच करण्यावरचा लेख वाचला. ‘टॉर्शन बारचे दोन बोल्ट आवळा, काम फत्ते’ हे वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना. (टॉर्शन बार म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळी.) लेखकमहाशयांनी हे बोल्ट स्वतःच्या गाडीचे आवळलेत का, एवढंच नम्रपणे विचारायचं आहे. मी आवळून घेतले होते.

माझी थार जुनी, पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. काजूच्या भाटात (बागेत) जाताना व्हाळातला, म्हणजे ओढ्यातला, एक धोंडा दर खेपेला पोटाला घासायचा. गेल्या वर्षी पावसाआधी एका गॅरेजवाल्याने तासाभरात पुढची बाजू २ इंच वर करून दिली. धोंडा लागायचा थांबला, हे कबूल. अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं, विचारलं, तर म्हणाला, ‘पात्रांव (मालक), जीपला कसली अलाइनमेंट?’ चतुर्थीपर्यंत पुढचे दोन्ही टायर एका कडेने खाल्ले गेले, आणि सीव्ही जॉइंटचा (पुढचं चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) रबरी बूट फाटून काळं ग्रीस चाकाच्या आतून शिंपडलेलं. बोल्ट आवळून बार कडक होत नाही हो, गाडी नुसती वर बसते! चाकाला वर-खाली व्हायला जागा मुळात तेवढीच. वर जायची जागा वाढली, की खाली लोंबायची तेवढीच कमी होते. खड्ड्यात चाक गेलं की ‘ठण्ण’ असा आवाज यायचा, तो अजून कानात आहे.

पण खरी शोभा झाली ती दिव्यांमुळे. बेळगावहून रात्री चोर्ला उतरत होतो. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारतोय. मी लो बीमवर, म्हटलं, आज सगळ्यांनी घेतलीय की काय! शेवटी एका वळणावर एकाने ट्रक आडवा घालून कन्नडमधून माझा उद्धार केला. अर्थ कळला नाही, आशय पोचला. घरी आलो तर एरवी तुळशीवर पडणारा झोत शेजाऱ्यांच्या माडीच्या खिडकीत, आणि खिडकीत शेजारी. हिशोब सोपा आहे. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जेमतेम अडीच मीटर. पुढून २ इंच उचललं, की २५ मीटरवर झोत अर्धा मीटर वर चढतो, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. दिव्यामागचे स्क्रू फिरवून तो खाली घ्यायला दहा मिनिटं पुरतात. दोन पानी लेखात टायरच्या जाहिरातीला जागा मिळाली, या एका ओळीला नाही. आता पर्वरीला काळ्या पाटीची भाड्याची थार समोरून तसाच उजेड पाडत आली, की शिवी देताना जीभ अडखळते.

आणखी एक. लेखकाने थार आणि जिप्सी एकाच माळेत ओवल्या आहेत. थारचा पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बांधलेला, म्हणून तो गाडीबरोबर वर जातो. जिप्सीचा ॲक्सल (चाकं जोडणारा आस) अखंड आणि डिफरन्शियल त्यातच, म्हणून पाट्यांवरची गाडी कितीही उचला, डिफरन्शियल जिथल्या तिथे. तो वर जाईल फक्त मोठ्या टायरने. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल आणि नियमबाह्य बदलामागे ५,००० रुपये दंड, याबद्दल तर चकार शब्द नाही. वाचकांनी आरटीओत जाऊन तुमची पुरवणी दाखवायची का?

मी बोल्ट पुन्हा सैल करून घेतले. धोंडा पहारीने हलवला. दोन माणसं, अर्धा दिवस.

जाता जाता. माझं मागचं पत्र आपण छापलंत, आभारी आहे. पण खाली ‘केरी, पेडणे’ असं टाकलंत. चार जणांनी फोन करून समुद्रकिनारी खोली मिळेल का म्हणून विचारलं. आमच्याकडे समुद्र नाही, अंजुण्याचं धरण आहे. या वेळी तेवढं पाहा.

आपला,
एक वाचक
केरी, सत्तरी (सत्तरी!)