डॉक्टरसाहेब, तो अभंग अर्धाच राहिला

आदरणीय डॉक्टरसाहेब,

बाबांना बांबोळीच्या इस्पितळातून वाळपईला घरी आणून महिना झाला. पत्र तेव्हाच लिहायचं होतं, पण लिहायला बसलं की रडू यायचं.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका ठिकाणी बारा दिवस घालवले. नाकातून काळी खपली पडत होती, गाल बधिर, वरचे दात हलायला लागलेले, साखर 400च्या वर. मी विचारलं, ही 2021 सालची काळी बुरशी तर नव्हे? ‘कोविड झालाय का? मग कशाला घाबरता?’ एवढंच उत्तर. नुसता वाढलेला मधुमेहही तिला पुरतो, हे तुमच्याकडून कळलं. नाकातला तुकडा तपासायला न पाठवताच त्या आधीच्या डॉक्टरांनी व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू केलं. म्युकरवर, म्हणजे या काळ्या बुरशीवर, ते चालतच नाही! त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिन शिरेतून चढताना भरणारी हुडहुडी, मूत्रपिंडावर ताण येऊन क्रिएटिनिन वाढल्यावर त्याऐवजी पोसाकोनाझोलच्या गोळ्या, ऑपरेशन.

मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचं. वरचा अर्धा जबडा काढावा लागेल, टाळूला भोक पडेल, ते प्लेटने झाकावं लागेल, एवढं सांगून तुम्ही गेला असतात तरी आम्ही हातच जोडले असते. तुम्ही स्टूल ओढून बसलात. बाबांची बोटं खाटेच्या कडेवर ताल धरत होती, ती तुम्हाला दिसली. ‘काका, भजन म्हणता?’ चाळीस वर्षं देवळात म्हणतो, म्हटल्यावर ‘मग म्हणा की’ म्हणालात. सुजलेल्या तोंडाने बाबांनी अभंग धरला. वॉर्ड गप्प झाला. दुसरं कडवं चालू असताना तुम्हाला बोलावणं आलं. दाराशी थांबून म्हणालात, ‘आवाज ऐकून ठेवलाय. प्लेट बनवणाऱ्यांना सांगतो.’

आणि खरंच सांगितलंत. टाळूच्या प्लेटचं माप घ्यायला आलेल्या डॉक्टर मॅडमनी पहिलंच विचारलं, ‘भजनी काका तुम्हीच ना?’ बाबा किती दिवसांनी हसले! तोवर ते सगळ्यांसाठी ‘सात नंबरचा म्युकर’ होते. एवढ्या गर्दीत, एवढ्या थकव्यात एखाद्याला हे सुचतं, तेव्हा आईवडिलांनी दिलेलं काहीतरी हातून उतरत असणार.

प्लेट लावल्यावर पेज आता नाकातून येत नाही. आवाज थोडा नाकात घुमतो, वरची पट्टी लागत नाही. पण रोज तिन्हीसांजेला पेटी काढतात.

श्रावणात आमच्या देवळात सप्ताह असतो. बाबांची पाळी रात्री असते. जमलं तर या. दुसऱ्या कडव्यापासून पुढचं त्यांनी तुमच्यासाठी राखून ठेवलंय.

तुमची ऋणी,
भजनी काकांची लेक