दार उघडं ठेव आणि बाजूला बस

परभणी,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. मागून चिमी रडत होती, "बाबा, काकाला विचारा ना, आपला कॉकटील पिंजऱ्याबाहेर का येत नाही." तेव्हापासून डोक्यात तेच आहे. फोनवर घाईघाईत काहीतरी राहून जाईल, म्हणून आज निवांत लिहायला बसलो.

चिमीला आधी एवढं सांग, की तिचं काही चुकलेलं नाही आणि त्या तुरेवाल्या पोपटाच्या पाखरातही काही खोट नाही. ते भेदरलेलं आहे, बस.

आमचा कॉकटील भुऱ्या तू पाहिलास तो खांद्यावर बसून माझ्या शर्टाची गुंडी कुरतडणारा. त्याच्या आधीचा भुऱ्या तू पाहिला नाहीस. बदली होऊन चाललेल्या एका ओळखीच्यांनी तो पिंजऱ्यासकट आमच्याकडे दिला. पहिले तीन दिवस मागच्या कोपऱ्यात दांडीला घट्ट धरून बसलेला. चौथ्या दिवशी मला वाटलं, याला बिचाऱ्याला बाहेरची हवा माहीतच नाही, एकदा काढलं की कळेल. हात आत घातला. तो नागासारखा फुसफुसला, अंग डावीकडे-उजवीकडे हलवायला लागला, तुरा मागे डोक्याला चपटा. मी तरी धरला. बाहेर आणल्या आणल्या तो मुठीतून सुटला, कपाटाच्या काचेवर आदळला आणि लोखंडी पेटीमागं पडला. माझ्या हातात शेपटीची दोन पिसं राहिली. त्याला उचललं तेव्हा नव्वद ग्रॅमचा तो जीव, त्याचं काळीज माझ्या तळव्यावर इतकं धडधडत होतं की ठोके मोजता येईनात. ते अजून आठवतं रे. पुढचा महिनाभर माझा हात दिसला की तो कोपऱ्यात.

मार्ग दाखवला आईनं. म्हणाली, "तुझी आजी डालं कसं उघडायची, आठव." तुझ्याही गावी कोंबड्या होत्या, तुला कळेल. आजी सकाळी डालं उचलून कोंबड्या हुसकायची नाही. कड जराशी वर करायची, खाली दगड सारायची, अंगणात चार दाणे टाकायची आणि शेणकुराला निघून जायची. आधी एक मान बाहेर यायची, मग परत आत, मग एक पाय. आणि आभाळात घार फिरली की सगळ्या पुन्हा डाल्याखाली, कुणी न सांगता.

त्या घारीतच सगळी मेख आहे. पाखराच्या जातीला जन्मापासून भीती वरून येणाऱ्याची. आपला हात वरून पिंजऱ्यात उतरतो तेव्हा त्याच्या लेखी ती घारच. पाखराचे डोळे बाजूला असतात, शिकाऱ्याचे समोर. म्हणून आपण दोन्ही डोळे रोखून त्याच्याकडे बघत राहिलो की त्याला शिकारीच दिसतो. चिमीला सांग, समोर उभं राहून टक लावायची नाही. पिंजऱ्याच्या बाजूला खाली बसायचं, पाठ अर्धी वळवून, आणि शाळेचा धडा मोठ्यानं वाचायचा. मी रोज संध्याकाळी पेपर वाचायचो. त्याला आवाजाची सवय झाली, मला अख्खा पेपर वाचायची.

पिंजरा कुठं आहे तेही बघ. तू म्हणालास खोलीच्या मधोमध टांगलाय. तिथून काढ. एका बाजूला भिंत असू दे, म्हणजे पाठ सुरक्षित वाटते. उंची तुझ्या छातीइतकी. खिडकीवर कावळा किंवा मांजर येत असेल तर तिथं नको. आणि पंख्याखाली तर नकोच. आमच्याकडं काय व्हायचं, तो दारापर्यंत यायचा, मान वाकडी करून एका डोळ्यानं छताकडं बघायचा आणि मागं सरायचा. मला कितीतरी दिवस उमगलं नाही. बंद पंख्याची तीन पाती त्याला डोक्यावर पसरलेल्या पंखांसारखी दिसत असावीत. पिंजरा कोपऱ्यात सरकवला तसं ते वर बघणं थांबलं.

जागा बदलल्यावर दहा-बारा दिवस दुसरं काहीच करू नकोस. मग रोज एका ठरल्या वेळी दार उघड आणि कपड्याच्या चिमट्यानं पक्कं बांध, कारण मध्येच दार खटकन आपटलं की सगळी कमाई पाण्यात. दारातून अर्धी आत, अर्धी बाहेर अशी पेरूची फांदी बांध. पेरूची साल त्याला कुरतडायलाही चालते. मग त्याचा आवडता खाऊ. दुकानदार कांगणी म्हणून पुडी देतो ना, ती आईनं हातावर घेतली आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर राळे!" लहानपणी तिच्या माहेरी राळ्याचा भात व्हायचा. तर राळ्याचं कणीस मिळालं तर उत्तम, नाहीतर आत्ता बाजरी निघालीच आहे, गावाकडून चार कणसं आण, नीट धुऊन वाळव. पहिले काही दिवस कणीस आतच, दांडीजवळ. मग दाराशी. मग फांदीच्या बाहेरच्या टोकाला. रोज बोटभर पुढं, जास्त नाही. तो अडला तर आदल्या दिवशीच्या जागी परत ये. आणि हे नीट ऐक, बाहेर यावा म्हणून उपाशी ठेवायचं नाही. इतक्या लहान जिवाला उपास झेपत नाही. रोजचे दाणे-पाणी आत भरलेलंच हवं, कणीस फक्त वरचा खाऊ.

तुऱ्याकडं लक्ष ठेव, तो सगळं सांगतो. ताठ उभा म्हणजे दचकलाय. मागं चपटा आणि फुसफुस म्हणजे तू आत्ताच्या आत्ता मागं हो. सैल, जरासा मागं झुकलेला, आणि तो चोच एकमेकींवर घासत कुरकुर आवाज करतोय, म्हणजे मजेत आहे.

आमचा भुऱ्या एकोणिसाव्या दिवशी आला. एक पाय फांदीवर, दुसरा दाराच्या तारेवर, मान लांब केलेली. माझ्याकडं बघितलं, फांदीवर दोन पावलं तिरका चालला, कणसाचा एक दाणा सोलला, टरफल खाली पडलं. मी श्वाससुद्धा हळू घेत होतो. तेवढं करून तो आत गेला. त्या रात्री मी घरात सगळ्यांना तीन-तीनदा सांगितलं.

उडाला तो त्यानंतर आठवड्यानं. एक गिरकी, पडद्याच्या दांड्यावर बसला आणि चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागला. पिंजऱ्यात राहून पंखांतली ताकद जाते, घाबरून जाऊ नका. मी शिडी आणायला निघालो तर आईनं हात धरला. दोन तासांनी, दिवेलागणीला, वाटी वाजवली तसा आपला आपण खाली आला. पिंजरा हे त्याचं घर आहे दत्ता. परत जायला ती जागा पक्की आहे हे कळल्यावरच तो बाहेर येतो. म्हणून आत असताना त्याला कधी धरू नका, त्या चार भिंती त्याच्याच राहू द्या. बोटावर घ्यायचं तर खालून, पायांच्या वर छातीला बोट हलकंच टेकवायचं. तो स्वतः पाऊल टाकतो.

वहिनी म्हणाल्या ना, सोडूनच द्या, पुण्य लागेल. आमच्या आईचंही आधी तेच होतं. पण ही जात ऑस्ट्रेलियाची, हा जन्मला पिंजऱ्यात. त्याला ना दाणा शोधता येतो, ना कावळा ओळखता. सोडणं म्हणजे मारणंच. देशी राव्याची गोष्ट वेगळी, तो तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं पाळताच येत नाही. तुझ्या शेजाऱ्यांकडं आहे म्हणालास, त्यांना सांग वनखात्याशी बोलायला.

दार उघडायच्या आधी घर एकदा फिरून बघ. आरशावर चादर, खिडक्या बंद, कूलर बंद, पाण्याची बादली आणि हंडा झाकलेला. स्वयंपाकघराचं दार लावलेलं. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याचा धूर पाखराला काही मिनिटांत मारतो, आपल्याला वासही येत नाही. तो तवा मी घरातून काढूनच टाकला, आई लोखंडी तव्यावर भाकरी करते.

दिवाळी तोंडावर आलीये. फटाक्यांच्या दिवसांत नवीन काही शिकवू नकोस. पिंजरा आतल्या खोलीत, तीन बाजूंनी जाड चादर, आणि रात्री छोटा दिवा चालू. ही पाखरं अंधारात दचकली की पिंजऱ्यातच धडपडून पंख मोडून घेतात. मंद उजेड असला की सावरतात. पाडवा-भाऊबीज उरकली की मग सुरू कर.

चिमीला एक वही दे. आज तो कुठपर्यंत आला, तुरा कसा होता, रोज दोन ओळी. दर रविवारी मला फोनवर वाचून दाखवायचं, मी वाट बघेन. आणि तुझं काम एकच. पंख्याच्या बटणावर आजच चिकटपट्टी लाव. तुझा हात सवयीनं तिकडं जातो, मला माहीत आहे.

वहिनींना नमस्कार, चिमीला खूप खूप आशीर्वाद.

तुझाच,
बाळू