टायमिंगच्या नावाखाली नस कापू नका

संपादक महोदय,

लालबागला माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर बाईमाणूस नाही ना, हे बघून रात्री जो आत येतो तो 'टायमिंगची गोळी' मागणार, हे एव्हाना पाठ झालंय. गेल्या आठवड्यातल्या मुलाने मात्र गोळी मागितली नाही. चार घड्या घातलेला कागद पुढे केला : नस कापण्याचं ऑपरेशन, पंच्याऐंशी हजार. "काका, एकदा केलं की कायमचं बरं होतं ना?"

कायमचं होतं खरं, पण काय? शिश्नाच्या टोकाकडे जाणाऱ्या संवेदनेच्या काही नसा कापतात, म्हणजे जाणीव कमी होऊन वीर्यपतन लांबतं, असा हिशेब. दक्षिण कोरियात हे बरंच झालंय. पण बधिरपणा कायमचा राहू शकतो, दुखणं मागे लागू शकतं, ताठरताही जाऊ शकते. दुसरा प्रकार टोकात हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल टोचण्याचा. ते निदान काही काळाने विरतं. अमेरिकेतल्या यूरॉलॉजी म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये हे दोन्ही प्रकार प्रायोगिक ठरवले : मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करू नयेत.

मी विचारलं, "किती वेळ टिकतं?" मान खाली घालून म्हणाला, "चार-पाच मिनिटं." अहो, सुरुवातीपासूनचं शीघ्रपतन म्हणतात ते साधारण मिनिटाभरात, तेही आवर घालता येत नसेल आणि त्याचा मनस्ताप होत असेल तर! क्लिनिकमध्ये हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ज्यांना खरोखर त्रास आहे त्यांच्यासाठीही बधिर करणारा स्प्रे आहे, डॅपॉक्सेटिनची गोळी आहे (डॉक्टरच्या चिठ्ठीवर, माझ्या भरवशावर नव्हे), आणि थांबून-थांबून करण्याचा सराव तर १९५६ पासून माहीत आहे. त्याला दमडी लागत नाही.

त्याच कागदामागे मी 'केईएम, यूरॉलॉजी ओपीडी' लिहून दिलं. केस पेपरच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर, ही त्याची धास्ती. मुतखडा सांग म्हटलं.

आता तुमच्याबद्दल. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात छापायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. त्या क्लिनिकची जाहिरात ऑपरेशनची आहे, औषधाची नव्हे, असं तुमचा जाहिरात विभाग म्हणेल. त्या मुलाला क्लिनिकचा पत्ता तुमच्याच छोट्या जाहिरातींत मिळाला. कात्रण सोबत जोडलं आहे.

— एक औषधविक्रेता, लालबाग, मुंबई