गोव्याला विचारलं, तुम्हाला का नाही?

सावंतवाडी,
ता. २८ डिसेंबर

प्रिय विलास,
स.न.वि.वि.

पत्र शनिवारी मिळालं. १७ जानेवारीच्या, सीमालढ्यातल्या हुतात्मा दिनाला तू बेळगावजवळच्या खानापुरात बोलणार आहेस हे वाचून बरं वाटलं. भाषणात तुला गोव्याचा दाखला द्यायचाय, ‘गोव्याला विचारलं, मग सीमाभागाला का नाही?’ दाखला जरूर दे. पण गोव्यात नेमकं काय विचारलं गेलं आणि कसं, हे नीट सांगितल्याशिवाय देऊ नकोस. माझ्या आईचं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं, त्यामुळे हा विषय मी लहानपणापासून ऐकत आलोय.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६३ च्या डिसेंबरात तिथे पहिली विधानसभा निवडणूक झाली. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उघड उघड महाराष्ट्रात विलीनीकरणाची घोषणा करत उतरला होता. गोव्यातल्या २८ पैकी १४ जागा त्यांना मिळाल्या, विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२. भाऊ मुख्यमंत्री झाले. इकडे आपल्या लोकांना वाटलं, झालं, कौल मिळाला, आता विधानसभेत ठराव करायचा आणि गोवा महाराष्ट्रात आणायचा. सिक्वेरांच्या बाजूचं म्हणणं असं की लोकांनी सरकार निवडलंय, गोव्याचं वेगळं अस्तित्व संपवायला कुणी होकार दिलेला नाही.

विलास, माझ्या मते इथे सिक्वेरांचं बरोबर होतं. पेडण्याचे माझे मोठे मामा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत कूळ होते. त्यांनी भाऊंच्या पक्षाच्या सिंह या निशाणीवर शिक्का मारला तो भाटकाराच्या जाचातून सुटण्यासाठी. महाराष्ट्रात कूळकायदा होता, आणि गोवा महाराष्ट्रात गेला की तो आपल्यालाही लागू होईल असा त्यांचा हिशेब होता. गावोगाव मराठी शाळा निघत होत्या, पहिल्यांदाच आपल्यातला माणूस मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत बसला होता. एका मतात इतकं सगळं होतं. त्यातून फक्त विलीनीकरण वेगळं काढून ‘हाच जनतेचा निर्णय’ असं कसं म्हणणार?

शेवटी १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. तुझ्या कामाचा भाग इथून सुरू होतो. भाऊंचं सरकार खुर्चीवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, हा आक्षेप दिल्लीने मानला. सरकारने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागली. मुंबईत आणि परदेशात राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्या, ही मागणी मात्र फेटाळली. आणि पर्याय ठेवले ते दोनच, महाराष्ट्रात विलीन व्हा किंवा केंद्रशासित राहा. स्वतंत्र घटकराज्य हा पर्याय कागदावर नव्हताच. प्रश्न कोण ठरवतो त्यावर निम्मं उत्तर ठरतं, हे तुझ्या श्रोत्यांना नक्की सांग.

विलीनीकरणाची निशाणी फूल, विरोधाची दोन पानं. मोठ्या मामांनी फुलावर शिक्का मारला. धाकटे मामा पणजीत सरकारी कारकून होते. घरात पोथी मराठी, पेपर मराठी, आणि मत दिलं दोन पानांना! महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले साहेब कसे वागतात हे ते कचेरीत रोज बघत होते. उद्या पणजी हे महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचं गाव होऊन बसेल, प्रत्येक कागदासाठी मुंबई गाठावी लागेल, ही त्यांची भीती. कुणाला दारूबंदीची धास्ती होती, कुणाला कोंकणीची काळजी. आणि विलीनीकरणाविरुद्ध सगळ्यात जोरात लढलेलं दैनिक ‘राष्ट्रमत’ हे मराठीच होतं. मराठीवर प्रेम असलं की महाराष्ट्रात यावंसं वाटणारच, हे आपण गृहीत धरलं होतं. गोव्यातल्या हजारो मराठी वाचकांना तसं वाटलं नाही, आणि म्हणून त्यांचं मराठीपण तसूभरही कमी होत नाही.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली. फरक ३४,०२१ चा. पेडणे, डिचोली, सत्तरी फुलाकडे, सासष्टी एकजात पानांकडे.

आणि मग मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा लोकांनी पुन्हा भाऊंनाच निवडून दिलं! धाकट्या मामांनीसुद्धा. १९७३ मध्ये जाईपर्यंत भाऊच मुख्यमंत्री होते. त्यांचा मुख्य मुद्दा जनतेने नाकारला होता, तरी राज्य चालवायला तिला तेच हवे होते. राज्य कुणी चालवावं आणि आपण कुठल्या राज्यात असावं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे गोवेकरांनी अवघ्या दोन महिन्यांत दाखवून दिलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

आता तुमच्याकडे बघ. गोव्यात कौलाची तयारी चालली होती त्याच सुमारास, १९६६ च्या ऑक्टोबरात, केंद्राने सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला. माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन, एकसदस्यीय आयोग. तुमच्याकडे दशकभर महाराष्ट्रात यायची मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून येत होते, तरी प्रश्न थेट लोकांपुढे कधी ठेवला गेला नाही. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. बेळगाव म्हैसूर राज्याकडेच ठेवलं, पण निपाणी, नंदगड आणि तुमचं खानापूर महाराष्ट्राला द्यावं अशी शिफारस होती. बेळगाव नाही म्हणून महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. तेव्हा खानापूरकरांना कुणी विचारलं? मुंबईत बसून तुमच्या वतीने ‘नाही’ म्हणणारे आपलेच होते. तो निर्णय योग्य होता की नाही यावर वाद घालता येईल, पण तुमच्या मतावाचून तो झाला ही गोष्ट मला आजही सलते. हे हुतात्मा दिनाच्या व्यासपीठावरून बोलणं जड जाईल, तरी बोल. दिल्ली आणि बंगळूरला जो जाब विचारायचा, तो मुंबईलाही विचारला पाहिजे.

आणखी एक. २०१८ आणि २०२३ मध्ये समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, तेव्हा ‘लोकांनीच प्रश्न सोडला’ असं म्हणणारे निघाले. त्यांना गोव्याचा मार्च १९६७ सांग. रस्ता, पाणी, जात, गटबाजी या सगळ्यांवर पडलेल्या मतातून सीमाप्रश्नाचं उत्तर काढता येत नाही. पण मग हा न्याय आपल्यालाही लागू होतो. समितीचे आमदार भरपूर होते तेव्हाही तो कौल पक्का धरता येत नव्हता.

सार्वमत मागणार असशील तर आधी एवढं ठरव : मत कुणाला? १९५६ पासून नोकरीधंद्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेल्यांना की नाही? तालुक्यात तीन पिढ्या राहिलेल्या कन्नड शेजाऱ्यांना तर द्यावंच लागेल, आणि ते मनापासून द्यायला हवं. घटक गाव की तालुका? २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यात महाराष्ट्राचा आग्रह गाव हाच घटक धरण्याचा आहे, हे लक्षात असू दे.

मसुदा पाच-सहा तारखेपर्यंत पाठव, मी लगेच वाचून कळवतो. पेडण्याला जाणं झालं तर धाकट्या मामांकडे ‘राष्ट्रमत’ची जुनी कात्रणं आहेत, ती घेऊन येईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत