कोल्हापुरी चप्पल आणि तरुण गिऱ्हाईक

महोदय,

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने कोल्हापूरचे नाव न घेता कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा आपण सगळे चिडलो. ते योग्यच होते. पण आपल्या दुकानांत काय चालते, तेही पाहायला हवे. कॉलेजची मुलगी विचारते, ‘चावणार नाही ना?’ उत्तर ठरलेले: ‘चार दिवस तेल लावा, बसेल.’ ती निघून जाते आणि ऑनलाइन रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ मागवते.

या पिढीला परंपरा नको आहे असे मुळीच नाही. चामडे बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात, सोल हाताने शिवतात, हे तिला कोणी सांगतच नाही. 2019 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळाले, आता लिडकॉम या राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाने चप्पल अस्सल आहे हे दाखवणारा क्यूआर कोडही आणला आहे. तो काउंटरवर स्कॅन करून दाखवायला कितीसा वेळ लागतो? कापशी या पारंपरिक कोल्हापुरी प्रकाराचा बाज तसाच ठेवून आत मऊ अस्तर द्यावे, साडेसातसारखी अर्धी मापेही ठेवावीत, तुटलेली वादी दुकानातच बदलून द्यावी. आणि किंमत वाढली, तर ती वाढ शिवणाऱ्या कारागिराच्या हाती पडली पाहिजे. नाहीतर त्याची मुले या धंद्यात कशाला येतील?

– एक वाचक, कोल्हापूर