तव्यावरचा खिमा-कोबी

ह्यूस्टन,
रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ८.१ आल्याचं सांगितलंस आणि लगेच विषय बदललास. मीही बदलू दिला. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आज चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर निवांत लिहायला बसलोय.

तू म्हणालास, "आता काय, उकडलेल्या भाज्या खायच्या आणि गप्प झोपायचं." नाही रे. चार वर्षांपूर्वी माझी साखर वाढली तेव्हा मीही तसंच केलं होतं. दोन आठवडे दुधी उकडून खाल्ला आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री अकराला उभ्या उभ्या पातेल्यातला भात संपवला. शिक्षा म्हणून खाल्लेलं अन्न टिकत नाही. वाटीभर शिजलेल्या भातात पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. आपण वसईची माणसं, तीन वाट्यांशिवाय उठायचोच नाही. त्यात लग्नातले मैद्याचे तळलेले फुगे वेगळेच! गोमांसात मात्र कर्बोदकं जवळजवळ नसतातच, आणि ते खाऊन पोट भरतं. इथे ज्याला लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचं जेवण, म्हणतात त्यातलं एवढंच मला जमलं, आणि ते एका तव्यावर वीस मिनिटांत होतं.

तवा बिडाचाच घे. माझा लॉज नावाच्या कंपनीचा आहे, टेनेसीतल्या साऊथ पिट्सबर्ग गावचा. १८९६पासून त्या गावात बीड ओतलं जातंय. पातळ नॉनस्टिकवर खिमा टाकला की भांडं थंड पडतं, खिम्याला पाणी सुटतं आणि तो त्या पाण्यात शिजतो. मग तो करडा पडतो आणि फिका लागतो. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं.

गोमांसाचा खिमा एक पौंड घे, ८५/१५ लिहिलेला, म्हणजे त्यात पंधरा टक्के चरबी. त्याहून कोरडा घेऊ नकोस, मसाला परतायला तीच चरबी लागते. गोठलेला असेल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेव आणि कागदाने टिपून घे. तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं तापव. खिमा टाकून उलथन्याने भाकरीसारखा दाबून पसरव आणि हात मागे घे. चार मिनिटं ढवळायचं नाही. आपल्याला सारखं परतायची सवय, तिथेच सगळं बिघडतं. खालून तपकिरी खरपूस थर धरला की वास बदलतो, तुला कळेल. मग उलट, फोड, मीठ घाल.

बाजूला सरकव आणि मधल्या चरबीत आलं-लसूण, दोन हिरव्या मिरच्या, अर्धाच कांदा घाल. त्यावर आईने दिलेला घरचा मसाला, भरून दीड चमचा. तुझा संपला असेल तर तुमच्या शिकागोत डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत मिळेल तो घे, पण मला सांग, मी माझ्यातला पाठवतो. मसाला अर्धा मिनिटच, जळू द्यायचा नाही. शेवटी चारशे ग्रॅम कोबी, बोटभर रुंद चिरलेला, आच मोठी करून तीन मिनिटं. कडा भाजल्या पाहिजेत, मधे कुरकुरीत राहिला पाहिजे. कोबी इथे भाताचं काम करतो, रस्सा धरून ठेवतो. गॅस बंद केल्यावर चमचाभर व्हिनेगर. आधी घालू नकोस, आणि उरलेलं तव्यात ठेवू नकोस. आंबट लागलं की बिडाची चव खाण्यात उतरते.

खिमा आतून १६० फॅरनहाइटला पोचला पाहिजे. अख्ख्या तुकड्याचं एक वेळ चालतं, खिम्याचं नाही, कारण दळताना बाहेरचे जंतू आत जातात. तीन ताटं होतात, एकेका ताटात कर्बोदकं दहा-अकरा ग्रॅम. वर एक अंडं फोडलंस तर आणखी छान.

रोज मात्र हेच नको. मी आठवड्यातून दोनदा करतो, बाकी दिवस मासळी, कोंबडी, अंडी.

आणि हे नीट वाच. भात एकदम तोडायच्या आधी डॉक्टरांना फोन कर. तुला साखर उतरवायच्या गोळ्या चालू झाल्यात. जेवणातली कर्बोदकं अचानक कमी झाली आणि गोळी तीच राहिली, तर काही गोळ्यांनी साखर फार खाली जाते. तू एकटा राहतोस. रात्री घाम फुटून हातपाय थरथरले तर शेजारी कोण आहे? माझ्या बाबांचं असं झालं तेव्हा घरात आम्ही चौघं होतो, तरी घाबरलो होतो. फोन उद्याच कर, आणि केलास की मला कळव.

पुढच्या महिन्यात मी शिकागोला चार दिवस येतोय. दुसरा तवा बॅगेत घालून आणतो, पाच पौंड वजन आहे, चालेल. पहिल्या दिवशी मी करीन आणि तू बघ. दुसऱ्या दिवशी तू करायचास, मी कट्ट्याला टेकून उभा राहीन.

तुझाच,
वसईचा शेजारी