मनूसाठी काही गाणी

पोर्तो अलेग्री, ब्राझील

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

मनूचं त्या मुलाशी तुटल्याचं तू फोनवर इतक्या दबक्या आवाजात सांगितलंस की मला पुन्हा विचारावं लागलं. तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे.

ह्या गावात प्रेमभंग दडवत नाहीत, गातात. गाणी रचणारा लुपिसिनियो रोड्रिगेस इथलाच, १९१४ चा जन्म. काही वर्षं लॉ कॉलेजात शिपायाची नोकरी केली, पण रमायचा रात्रीच्या बारमध्ये, गाण्यांत. १९४७ च्या एका गाण्यात तो समोरच्याला सरळ विचारतो, साहेब, जिच्यावर जीव टाकला तिला दुसऱ्या कुणाच्या मिठीत पाहणं काय असतं, ठाऊक आहे तुम्हाला? आमच्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये शनिवारी हे गाणं सुरू झालं की अख्खं टेबल गायला लागतं. कुणीतरी काडेपेटीवर ठेका धरतो. पांढऱ्या केसांची एक बाई डोळे मिटून गाते, शेवटी तिचा आवाज फाटतो, आणि कुणी तिला गप्प करत नाही. बिअरचा ग्लास तेवढा तिच्याकडे सरकवतात.

त्याचंच 'विंगान्सा', म्हणजे सूड, मला मात्र सोसत नाही. सोडून गेलेली बाई बारमध्ये रडताना दिसली हे ऐकून तो खूश होतो, वर तिला शाप देतो. लिंडा बातिस्ताने १९५१ मध्ये ते गाऊन गाजवलं. चाल सुरेख, पण असलं विष मनूच्या कानी नको.

तिला ऐकवायची आहे ती माइझा. मातारात्सो ह्या बड्या उद्योगपती घराण्याची सून. नवऱ्याला तिचं गाणं पसंत नव्हतं, आणि संसार मोडला. १९५८ साली तिने स्वतः लिहिलेलं गाणं गायलं, माझं जग कोसळलं म्हणून. त्यात ती शेवटी म्हणते, कोसळलंय ना, मग उठायला मीच शिकायला हवं. ताई, तिचा तो भरलेला, जडसा आवाज ऐकलास तर तुलाही भाषा आडवी येणार नाही.

इथला गीतकार-गायक शिको बुआर्की, त्याच्या एका गाण्यात निघून जाणारा माणूस सामानाची वाटणी करतो. पिशिंगीन्या ह्या जुन्या संगीतकाराची रेकॉर्ड मी नेतो, बाकी सगळं तुझं, पण माझ्याकडून घेऊन कधी न वाचलेलं ते कवी नेरुदाचं पुस्तक परत दे. मोडलेलं घर असंच असतं गं, पुस्तकावरून अडतं.

आणि आताच्या पोरींची लाडकी गायिका मारीलिया मेंडोन्सा! सेर्तानेजो, म्हणजे इथल्या गावाकडच्या ढंगाच्या गाण्यांत दारू पिऊन रडायचे ते बहुतेक पुरुषच. २०१६ मध्ये हिचं 'इन्फिएल' आलं. त्यात बाई बेइमान नवऱ्याला मनातून हाकलते, जा, राहा आता लॉजवर, असं ठणकावते. २०२१ च्या नोव्हेंबरात विमान कोसळून ती गेली, अवघ्या २६ व्या वर्षी. माझ्या ऑफिसातल्या मुली अजून तिची गाणी अख्खी पाठ म्हणतात.

मनूला मी ही गाणी पाठवते आहे, प्रत्येक ओळीखाली मराठीत अर्थ लिहून. ती मोठ्याने लावेल, लावू दे. रडली तर रडू दे, लगेच दुसरं स्थळ काढू नकोस. आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. आणि मनूला मला फोन करायला सांग. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे इथे दुपारचे साडेबारा, मी जेवणाच्या सुट्टीत मोकळी असते.

तुझी,
नंदू